खानदेशातून हिमालयात: पहिल्या सोप्या ट्रेकची आखणी

जळगाव आणि भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहेत. धुळं त्याहून थोडं वर. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि तरी बाजार भरतो, केळीचे ट्रक भरले जातात, लग्नाच्या पंगती उठतात. ऊन सोसणं आणि दिवसभर उभं राहून काम करणं आपल्या अंगात आहे. उंची आणि थंडी या दोन गोष्टी मात्र आपल्या शरीराला ठाऊकच नाहीत. खानदेशातून हिमालयात पहिल्यांदा जायचं, तर सगळी आखणी या दोन अनोळखी गोष्टींभोवती करावी लागते. बाकीचं आपल्याला जमतं.

हे मी माझ्या पहिल्या ट्रेकमध्ये शिकलो. अमळनेरहून आम्ही पाच जण डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराला निघालो होतो. रेल्वेत दोन रात्री नीट झोप नाही, डेहराडूनला उतरून लगेच दहा तास जीपमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी चढाई. पहिल्या मुक्कामाला जुडा का तालाबाशी पोहोचलो तेव्हा माझं डोकं फुटायला आलं होतं आणि जेवणाचा वासही नकोसा झाला होता. सोबतचा मित्र विचारत होता, "काय व्हई राह्यनं भो तुले?" आणि मी "काही नाही" म्हणत होतो. ते "काही नाही" म्हणणं ही माझी खरी चूक होती. दुसऱ्या सकाळी मला खाली यावं लागलं. ट्रेक अवघड नव्हता, आमची आखणी घाईची होती. त्यानंतर मी सात-आठ वेळा गेलो, नात्यातल्या आणि ओळखीच्या बऱ्याच नवख्या लोकांना घेऊन गेलो. त्यातून जे हाताशी आलं ते इथे क्रमाने लिहितो.

आधी ट्रेक निवडा, तोही छोटा

पहिल्या ट्रेकसाठी माझे चार निकष आहेत. सर्वोच्च जागा चार हजार मीटरच्या आत असावी. झोपायचा मुक्काम शक्यतो ३,००० मीटरच्या आसपास किंवा खाली असावा. रोजची चाल पाच-सहा तासांपेक्षा जास्त नसावी. आणि कुठल्याही मुक्कामावरून त्याच दिवशी गाडीरस्त्याला उतरता यावं. हा चौथा निकष लोक विचारातच घेत नाहीत, मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कुणाची तब्येत बिघडली तर उपाय एकच असतो: खाली उतरणं. ती वाट जवळ हवी.

या निकषांत बसणारे ट्रेक उत्तराखंडात भरपूर आहेत.

घरातली मोठी माणसं सोबत असतील तर देवरियाताल आणि चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला. सारी गावातून देवरियाताल दोन-अडीच किलोमीटरवर आहे, तळ्याची उंची साधारण २,४०० मीटर. चोपत्यापासून तुंगनाथापर्यंत फरसबंदी वाट आहे, साडेतीन-चार किलोमीटरची. तुंगनाथ पंचकेदारांपैकी एक, सुमारे ३,६८० मीटरवरचं, जगातलं सर्वांत उंचावरचं शिवमंदिर मानतात. त्याच्या वर दीड किलोमीटरवर चंद्रशिला, जवळजवळ ४,००० मीटर. माझ्या वहिनी बावन्नाव्या वर्षी तुंगनाथापर्यंत चढल्या, दर वळणावर बसत, पण चढल्या. हिवाळ्यात मंदिर बंद असतं, देवाची पूजा तेव्हा खाली मक्कूमठात होते. दर्शनाची ओढ असेल तर मे-जून किंवा ऑक्टोबर धरा.

बर्फ बघायचाच असेल तर केदारकंठा. सुमारे ३,८०० मीटर, पायथा सांकरी गावात साधारण १,९५० मीटरवर. डिसेंबर ते एप्रिल बर्फ मिळतो. पण नाताळ ते नववर्ष या काळात तिथे इतकी गर्दी असते की वाटेवर रांग लागते. मार्च सरता सरता गेलात तर बर्फ असतो, थंडी बोचत नाही, खालच्या जंगलात बुरांश लाल फुललेला असतो.

आणि माझी स्वतःची पहिली पसंती, ज्याला कुणाला "आयुष्यात एकदा तरी हिमालय" म्हणायचं असेल त्याच्यासाठी: दयारा बुग्याळ. बुग्याळ म्हणजे झाडांच्या रेषेच्या वरचं गवताळ पठार. उत्तरकाशी जिल्ह्यात रैथल किंवा बार्सू गावातून वाट जाते. वर पोहोचलात की समोर बंदरपूंछ आणि श्रीकांत ही शिखरं, आणि पायाखाली मैलोन्‌मैल उतरतं गवत. वाटेवर गुराख्यांच्या लाकडी-दगडी झोपड्या दिसतात, त्यांना तिथे छानी म्हणतात. भाद्रपद संक्रांतीला रैथलचे गावकरी वर बुग्याळात जाऊन एकमेकांना ताक-लोणी लावून उत्सव करतात. गुराढोरांवर जीव लावणाऱ्या, पोळा मनापासून साजरा करणाऱ्या आपल्या माणसाला तो मुलूख परका वाटत नाही. एक ध्यानात ठेवा: उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम बंद केला. तंबू खालच्या जंगलाच्या कडेला लागतात. कुणी "वर बुग्याळातच मुक्काम देतो" म्हणालं तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

वेळ फारच कमी असेल तर नाग टिब्बा (३,०२२ मीटर, पंतवाडी गावातून दोन दिवस) किंवा हिमाचलात मॅक्लिओडगंजजवळचा त्रिउंड (सुमारे २,८५० मीटर). मात्र दोन दिवसांच्या चालीसाठी खानदेशातून चार दिवसांचा येण्याजाण्याचा प्रवास करणं मला पटत नाही.

कधी जायचं

इथे आपलं वर्ष आणि हिमालयाचं वर्ष जुळवावं लागतं. शेती असेल तर ऑक्टोबर-डिसेंबरात कापसाची वेचणी सोडून जाता येत नाही. शिक्षक-विद्यार्थ्यांना मे आणि दिवाळीची सुट्टी. एप्रिल-मे लग्नसराई.

एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा मध्य, आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हे दोन काळ नवख्यांना सर्वांत बरे. ऑक्टोबरात पाऊस सरलेला असतो आणि शिखरं सकाळीच काय, दुपारीही स्वच्छ दिसतात. मे-जूनमध्ये चारधाम यात्रा चालू असते, ऋषिकेशच्या वरच्या रस्त्यांवर तासन्‌तास गाड्या अडकतात, म्हणून त्या काळात प्रवासाला एक दिवस जास्त धरा.

पावसाळ्यात नवख्यांनी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. १६-१७ जून २०१३ ला केदारनाथला काय झालं ते सगळ्यांना आठवतं. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशी जिल्ह्यातल्या धरालीत खीरगंगेच्या लोंढ्याने घरं-हॉटेलं गाडली. दरड कोसळून रस्ता आठ-आठ दिवस बंद राहणं तर दर पावसाळ्यात घडतं. उत्तराखंडातली फुलांची दरी (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) जुलै-ऑगस्टातच फुलते हे खरं, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी राहू द्या.

पावसाळा टाळला म्हणजे धोका टळला असंही नाही. २०२४ च्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, उत्तराखंडातल्या सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातल्या गटातले नऊ जण हिमवादळात दगावले. ती वाट उंच होती, चार हजारांच्या वर, आणि लोक अनुभवी होते. निघण्याआधी आठवडाभर रोज हवामान खात्याचा त्या जिल्ह्याचा अंदाज बघायचा आणि नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी थांबायचं, हे घरात बसूनच ठरवून घ्या. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून तो निर्णय घेता येत नाही.

शरीराची तपासणी: ही पायरी ओलांडू नका

चाळिशीच्या पुढे असाल, रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयाची तक्रार असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांकडे जा. गरोदर बाईने हा बेत पुढे ढकलावा.

आता एक गोष्ट, जी ट्रेकच्या कुठल्याही माहितीपत्रकात मला दिसली नाही आणि जी खानदेशासाठी फार महत्त्वाची आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात आणि धुळे-जळगावच्या आदिवासी भागात, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. पुष्कळांना तो आजार नसतो, पण ते वाहक असतात (आई किंवा वडील, एकाकडूनच दोष आलेला) आणि आयुष्यभर त्यांना काही त्रास होत नाही, म्हणून माहीतही नसतं. उंचीवर प्राणवायू कमी झाला की वाहकाच्याही प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बाजूला बरगड्यांखाली एकाएकी जोराची कळ येते. सरकारी रुग्णालयांत सिकल सेलची तपासणी होते, २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. त्या भागातले असाल, किंवा तुमच्या नात्यात कुणाला हा आजार असेल, तर आधी रक्त तपासून घ्या. आजार असेल तर उंचीवर जाऊच नका. वाहक निघालात तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नका, आणि गेलात तर मार्गदर्शकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

आठ आठवड्यांची तयारी, आपल्याच डोंगरांत

जिमची गरज नाही. पहिले तीन आठवडे पहाटे भरभर चाला, मग चालणं-पळणं मिळून पाच किलोमीटरवर या. निघायच्या आधी पाच किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत, धाप न लागता झाले पाहिजेत. उन्हाळ्यात सहाच्या आत उरका. सोबत आठवड्यातून तीन दिवस जिने: तीन-चार मजली इमारत, पाठीवर सॅक, वीस मिनिटं वर-खाली. उठाबशा घाला. उतरताना गुडघे बोलतात, आणि त्यांना वाचवणारे मांडीचे स्नायू उठाबशांनीच तयार होतात.

सपाट रस्त्यावर कितीही चाललात तरी चढ कळत नाही. म्हणून दर रविवारी डोंगर. धुळेकरांना लळिंगचा किल्ला महामार्गालगतच आहे, सकाळी दोन वेळा चढून-उतरून नाश्त्याला घरी येता येतं. चाळीसगाव-पाचोऱ्याच्या लोकांना पाटणादेवीचं जंगल आणि कण्हेरगड. यावल-रावेरकरांना मनुदेवी आणि पालचा परिसर. नंदुरबारकरांना तोरणमाळ आणि धडगावकडचा अस्तंबा, जिथे धनत्रयोदशीला अश्वत्थाम्याच्या यात्रेला लोक रात्रभर चढतात. ज्याने अस्तंब्याची यात्रा पायी केली आहे त्याचे पाय हिमालयासाठी जवळजवळ तयार आहेत. शेवटच्या पंधरवड्यात सगळ्या गटाने मिळून साल्हेर करावा. १,५६७ मीटरचा हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला बागलाणात आहे, धुळ्याहून पहाटे निघून एका दिवसात होतो. साल्हेरवर ज्याची दमछाक होईल त्याला प्रेमाने सांगा की अजून महिना दे.

वजनाची सवय लावायला एक युक्ती: सॅकमध्ये लिटरच्या सहा-सात पाण्याच्या बाटल्या भरा, म्हणजे तितके किलो झाले. वर पोहोचलात की चार बाटल्या झाडांच्या मुळाशी रिकाम्या करा आणि हलक्या पाठीने उतरा. गुडघ्यांवर ताण येत नाही.

गाडी, मुक्काम आणि चढत्या पायऱ्या

रेल्वेच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. भुसावळवरून दिल्लीकडे पंजाब मेल, झेलम, गोवा, कर्नाटक, सचखंड अशा गाड्या आहेत, प्रवास साधारण अठरा-वीस तासांचा. मुंबईहून हरिद्वारला जाणारी वातानुकूलित गाडीही भुसावळमार्गे जाते, पण ती रोज नसते, तिचे वार आधी बघा. नंदुरबारकरांनी सुरतेहून हरिद्वारकडच्या गाड्या तपासाव्यात, पुष्कळदा ते सोयीचं पडतं. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणून आठ आठवड्यांची तयारी आणि तिकीट एकाच दिवशी सुरू करा. परतीचं तिकीट ट्रेक संपल्यावर निदान एक पूर्ण दिवस सोडून काढा. हा राखीव दिवस चैन नाही. रस्ता बंद झाला, कुणाचा पाय मुरगळला, तर तोच उपयोगी पडतो.

दयाऱ्यासाठी मी लोकांना अशी आखणी देतो. पहिल्या दिवशी भुसावळ सोडायचं. दुसऱ्या दिवशी दिल्लीला पोहोचून रात्रीच्या गाडीने डेहराडून किंवा हरिद्वार. तिसऱ्या दिवशी सकाळी उतरून उत्तरकाशी, आणि तिथे पूर्ण रात्र झोप. उत्तरकाशी सुमारे १,१५० मीटरवर आहे. चौथ्या दिवशी फक्त रैथलपर्यंत, साधारण २,२०० मीटर, दुपारी गावात फिरायचं, वरच्या शेतांपर्यंत तासभर चढून खाली यायचं. पाचव्या दिवशी जंगलातून गुईच्या मुक्कामापर्यंत, २,९०० मीटरच्या आसपास. सहाव्या दिवशी बुग्याळ पार करून सर्वोच्च माथ्यापर्यंत, म्हणजे ३,६०० मीटरच्या थोडं वर, आणि परत खाली झोपायला. सातव्या दिवशी उतरून उत्तरकाशी. आठवा दिवस राखीव. नवव्या दिवशी डेहराडून, आणि अकराव्या दिवशी घर.

दोनशे, अकराशे पन्नास, बावीसशे, एकोणतीसशे. झोपायची जागा अशी पायरी-पायरीने वर गेली की शरीर वाटेत शिकत जातं. पुष्कळ संस्था डेहराडूनहून थेट पायथ्याला नेऊन दुसऱ्या सकाळी चढवतात, कारण त्यांना दिवस कमी दाखवायचे असतात. तो एक जादा मुक्काम तुम्ही स्वतः घाला. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावू नये, हा सर्वत्र मानला जाणारा नियम आहे. एखाद्या संस्थेचं वेळापत्रक हा नियम मोडत असेल तर दुसरी बघा.

घाटाच्या रस्त्याचं वेगळं सांगायला हवं. आपले रस्ते सरळ. दहा तासांच्या वळणांनी आपली माणसं उलट्या करून अर्धी होतात आणि मग उपाशीपोटी चढतात. डॉक्टरांना विचारून गाडी लागण्याची गोळी न्या, सकाळी थोडंसं कोरडं खा, पुढच्या सीटवर बसा, मोबाइलमध्ये बघू नका. पहाटेच निघा. डोंगरी रस्त्यांवर रात्रीची वाहतूक बहुतेक ठिकाणी थांबवतात.

संस्था की स्वतः?

पहिल्या वेळी संस्थेबरोबर किंवा गावातल्या नोंदणीकृत मार्गदर्शकाबरोबर जा. एकट्याने नाही. पैसे भरण्याआधी फोनवर पाच प्रश्न विचारा: एका मार्गदर्शकामागे किती माणसं? ऑक्सिजन सिलिंडर आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सोबत असतं का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाचं झालं आहे? माणूस आजारी पडला तर खाली आणायची काय सोय? जंगलखात्याचा परवाना कुणी काढायचा? उत्तरं गुळमुळीत आली तर फोन ठेवा. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाची शिबिरं स्वस्त आणि शिस्तीची असतात, विद्यार्थ्यांनी ती जरूर बघावीत.

खर्चाचा माझा अंदाज: चार-सहा दिवसांच्या सोप्या ट्रेकची फी साधारण आठ ते बारा हजार, रेल्वे-जीप-मुक्काम-जेवण धरून माणशी एकूण अठरा ते पंचवीस हजार. बूट-जॅकेट वेगळं. रोकड डेहराडूनलाच काढून ठेवा, वरच्या गावांत एटीएमचा भरवसा नाही. आधार कार्ड मूळ आणि दोन झेरॉक्स, डॉक्टरांचा दाखला. विमा घेतलात तर त्यात ट्रेकिंग आणि उंचीची मर्यादा लिहिलेली आहे का ते वाचा, बऱ्याच साध्या पॉलिसीत नसते.

सॅकमध्ये काय

कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे सांगणं जिवावर येतं, पण अंगाला लागून सुती कपडा घालू नका. सूत घाम पिऊन बसतं आणि लवकर वाळत नाही. चढताना भिजलेला बनियन विसावा घेताच बर्फासारखा गार पडतो, आणि तिथून हुडहुडी सुरू होते. खेळाडू वापरतात ते पॉलिस्टरचे पटकन वाळणारे टी-शर्ट तीन, ट्रेकची पँट दोन. जीन्स मुळीच नाही.

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे जळगावहून ३,६०० मीटरवर गेलात तर फक्त उंचीमुळे वीस-बावीस अंशांचा फरक, वारा वेगळाच. उपाय एक जाड कोट नाही, थर आहे: आत टी-शर्ट, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचा अंगरखा), त्यावर पिसांचं किंवा कृत्रिम भरणीचं फुगीर जॅकेट, वरून वारा-पाऊस अडवणारं पातळ जर्किन. चढताना काढत जायचं, थांबलात की लगेच चढवायचं. कानटोपी, दोन हातमोजे, लोकरीचे मोजे दोन आणि साधे तीन, थर्मल फक्त झोपताना. आपला रुमाल-गमछा जरूर घ्या. उन्हात डोक्याला, वाऱ्यात नाकातोंडाला, त्याच्यासारखं काही नाही.

बुटांवर पैसे वाचवू नका. घोट्याच्या वर येणारे, तळव्याला खोल खाचा असलेले. संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजा घालून उतारावर उभं राहा: अंगठा पुढे टेकत असेल तर एक नंबर मोठा घ्या. आणि दीड महिना आधी घेऊन तेच बूट लळिंग-साल्हेरला घाला. नवे कोरे बूट घालून ट्रेकला आलेल्या माणसाचे फोड मी तिसऱ्या दिवशी बांधत असतो. बर्फाचा ट्रेक असेल तर गेटर (बुटात बर्फ जाऊ न देणारं पोटरीवरचं आवरण) आणि मायक्रोस्पाइक (बुटाखाली चढवायचे लोखंडी दात) पायथ्याच्या गावात भाड्याने मिळतात.

काळा चष्मा, कडा झाकणारा, बर्फावर तो नसेल तर काही तासांत डोळे भाजतात. सनस्क्रीन. डोक्याला लावायची बॅटरी. एक काठी, शक्य तर दोन. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या. पोंचो, म्हणजे डोक्यावरून घ्यायचा सैल रेनकोट. सॅकमधलं सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं, कारण सॅकचं आवरण जोराच्या पावसाला पुरत नाही.

बायकांनी तारीख जवळ नसली तरी पॅड न्यावेत, उंची-थंडीत पाळी मागे-पुढे होते. वापरलेले पॅड आणि ओले टिश्यू काळ्या पिशवीत बांधून खाली आणायचे. तिथे ते कुजत नाहीत.

खाण्याला घरचा आधार असू द्या. दुधातल्या गूळ घालून केलेल्या दशम्या तीन-चार दिवस सहज टिकतात. तिळगूळ, शेंगदाणा चिक्की, गूळपापडीचे लाडू, जळगावचे केळीचे वेफर्स. उंचीवर भूक मरते, डाळ-भात समोर आला तरी घास फिरतो, तेव्हा ओळखीच्या चवीचा एक लाडू पोटात जातो. ठेच्याची छोटी डबी न्याच. दारू आणि सिगारेट ट्रेक संपेपर्यंत बंद.

चालताना

बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं की वेग जास्त झाला. भरल्या गाडीची बैलजोडी चढ चढते तसं: पाऊल छोटं, थांबणं कमी, झटका नाही. गटातला सर्वांत सावकाश माणूस पुढे ठेवा, सगळे त्याच्या चालीने. आमच्यात घाई करणाऱ्याला "धीरे चाल भो" असं ओरडायची मुभा सगळ्यांना असते, वयाने लहानालाही.

पाणी दिवसाला तीन-चार लिटर. आपल्याला उन्हात पाणी प्यायचं कळतं, थंडीत तहानच लागत नाही आणि माणूस संध्याकाळपर्यंत एका बाटलीवर राहतो. दर अर्ध्या तासाला चार घोट, एका बाटलीत ओआरएस. मुक्कामाला पोहोचल्यावर लगेच आडवं होऊ नका. कपडे बदला, चहा घ्या, अर्धा तास थोडं वर चढून खाली या. उतरताना गुडघे किंचित वाकवलेले, काठी पुढे, पाऊल आडवं. थकव्यात पाय उतारावर जास्त घसरतो, म्हणून शेवटच्या दिवशी जास्त सावध.

माथ्याच्या दिवशी परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा. मी सकाळी अकरा धरतो. दुपारी ढग येतात. माथा पंधरा मिनिटांवर असला तरी अकराला वळायचं.

डोकं दुखलं तर

३,६०० मीटरवर प्रत्येक श्वासात आपल्या घरच्यापेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी प्राणवायू मिळतो. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं, गळून जाणं: यातलं काहीही असेल तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चाला. लगेच मार्गदर्शकाला सांगा. त्या दिवशी आणखी वर जायचं नाही, पाणी, विश्रांती. सकाळपर्यंत त्रास थांबला तर पुढे, नाही तर खाली.

दोन लक्षणांत मात्र सकाळची वाट बघायची नाही. माणूस बरळतो, किंवा एका रेषेत टाचेला बोटं लावत दहा पावलं चालता येत नाही. किंवा बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, थुंकीत फेस दिसतो. मेंदूत किंवा फुफ्फुसात पाणी साठू लागल्याची ही खूण असते. रात्र असो, पाऊस असो, ऑक्सिजन लावून त्याला धरून खाली उतरवायचं. तीनशे मीटर उतरल्यानेही फरक पडायला लागतो, हजार उतरवता आलं तर उत्तम. उंचीच्या त्रासावर गोळ्या मिळतात, पण त्या निघण्याआधी डॉक्टरांनी लिहून दिल्या तरच घ्यायच्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर त्या चालतील का हे विचारून. दुखणं दाबायला एकामागून एक वेदनाशामक खाऊन वर चढू नका.

गटात पहिल्याच रात्री सांगून ठेवा: कुणाला त्रास झाला तर त्याने बोलायचं, आणि त्याच्याबरोबर एक जण खाली जाईल, तोंड वाकडं न करता. कोण जाईल हेही त्याच रात्री ठरवा. मी पहिल्या ट्रेकला गप्प राहिलो, कारण माझ्यामुळे कुणाचा माथा हुकेल याची मला लाज वाटत होती. आता आमच्या गटात दर संध्याकाळी चहाच्या वेळी प्रत्येकाला डोकं, पोट, झोप असं विचारायची पद्धत आहे.

परत येताना

गावातल्या मार्गदर्शकाला, स्वयंपाक्याला, खच्चरवाल्याला जाताना हाताने काही द्या, आणि आपला कचरा, वेफर्सच्या रिकाम्या पुड्यांसकट, डेहराडूनपर्यंत आणा. बूट धुऊन सावलीत वाळवा, उन्हात ठेवलेत तर तळवा सुटतो.

मे महिन्यात परतत असाल तर एक काळजी घ्याच. आठ-दहा दिवस थंडीत राहून अंगाची उन्हाची सवय मोडलेली असते. पहाटे गाडी भुसावळला लागते आणि माणूस त्याच दुपारी शेतात किंवा लग्नाला निघतो. आमच्यातल्या एकाला तसं करून भोवळ आली होती. पहिले दोन-तीन दिवस अकरा ते चार घरातच थांबा, ताक-पाणी भरपूर घ्या, आणि उन्हातलं काम चौथ्या दिवसापासून थोडं थोडं वाढवा.